मोजलेले अठरा

आमची ही ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डात नर्स आहे आणि कुणाशीही बोलताना त्याच्या छातीकडे बघते. मी शिंपी, बघतो मीही. पण मी माप घेतो, ती श्वास मोजते. घड्याळ धरून, पुरता एक मिनिट. माझ्या बहिणीला वाटतं, वहिनी आपलं बोलणं किती मन लावून ऐकते. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.

ही खोड तिला मूळची नाही. दोन महिन्यांपूर्वी लागली.

तेव्हा वॉर्डात एक सुतार होता. पोटाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. ताप नाही, रक्तदाब ठीक, टाके कोरडे. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. दुपारी तो सारखी उशी वरखाली करायला लागला. "सिस्टर, दुखत काही नाही, नुसतं कसंतरी होतंय." हिच्या मनात पाल चुकचुकली. श्वास मोजले तर मिनिटाला अठ्ठावीस; वीसच्या आत हवेत. तक्त्यावर मात्र तीन दिवस ओळीने अठरा, अठरा, अठरा.

शिकाऊ डॉक्टर म्हणाले, "घाबरलाय तो. जरा धीर द्या." हिला ते पटेना. भीतीने वाढलेला श्वास माणूस गप्पांत रमला की खाली येतो. तिने त्याला दारं-चौकटींवर बोलतं केलं आणि पुन्हा मोजले. तीस. मग चादर बाजूला केली, तर डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली आणि गरम. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली असेल, तर माणूस बोलता बोलता जातो. हिने कुणाला न विचारता थेट मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. गुठळीच निघाली. सुतार वाचला.

सगळ्यांनी कौतुक केलं. ही घरी येऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिली.

"अहो, त्या दिवशी सकाळचे अठरा मी लिहिलेत," शेवटी म्हणाली. "वीस पेशंट होते. वरचा आकडा बघितला आणि खाली उतरवला."

मी समजूत घातली, ती वाया गेली. तिला तेव्हापासून चैन नाही.

गेल्या आठवड्यात तोच सुतार जिना चढून माझ्या दुकानात आला. वजन उतरलेलं, शर्ट आत घ्यायचे होते. ही तेव्हा दुकानात काजं-बटणं करत बसली होती. तिला बघून म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे जिवंत आहे."

"त्या सकाळी मी तुमचे श्वास न मोजताच लिहिले होते," ही म्हणाली. "मोजले असते तर कदाचित चार तास आधी कळलं असतं."

माझा खडू हातातच राहिला. त्याने टेबलावरच्या शर्टांच्या बाह्या एकेक करून सरळ केल्या. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाला आणि गेला.

"चोवीस," ही पुटपुटली.

"जिना चढून आला ना तो."

तिला कुठला धीर. पायात चपला अडकवून त्याच्या मागे गेली. बसथांब्यावर त्याच्या शेजारी न बोलता बसून राहिली म्हणे.

अर्ध्या तासाने परत आली. "अठरा," म्हणाली, आणि कापडाच्या ढिगाशी बसून रडली.