बांधावरचा लाल दगड

ये बाई, जवळ बस. कागदावरून का होईना, पण बस. फोनवर दोन मिनिटं बोलतेस आणि ठेवून देतेस, ही काय रीत झाली? त्यात परवा सांगितलंस, अणुभट्टीतला कचरा हजारो वर्षं विषारी राहतो, तो जमिनीत खोल पुरायचा म्हणतात, पण पुढच्या माणसांना ‘इथे खणू नका’ हे कळवायचं कसं, ते शिकल्यासवरलेल्यांनाही सुचत नाही. मला हसू आलं. आमची ती फजिती कधीच होऊन गेली.

दोंडाईच्याजवळच्या आपल्या शेतात तेव्हा कपाशीवर फवारायचं औषध नवं नवं आलेलं. उरलेले डबे गोठ्यामागे पडले, एक वासरू ते चाटून मेलं. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, विहिरीपासून लांब, बांधाच्या टोकाला पुरुषभर खड्डा करून सगळे डबे पुरले. तुझ्या आजोबांनी वर दगड रोवला आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग त्याला फासला. शाळा शिकलेला माणूस, लाल म्हणजे धोका हे त्यांचं गणित.

निंदायला येणाऱ्या बायांनी आठवड्यात त्याला कुंकू लावलं. मग नारळ आले. एका दुपारी बघते तर त्यांच्यातली एक म्हातारी अक्का कुदळीने दगडाभोवती उकरतेय, देवाला ओटा घालायला. मी पळत जाऊन कुदळच धरली.

“अक्का, देव नही, खाले जहर शे.”

ती शांतपणे म्हणाली, “मंग तं महादेवच शे, माय. जहर दुसरं कोन पचाडस?”

मी कुदळ घेऊनच घरी आले. काळा रंग द्यावा म्हटलं, तर आबा म्हणाले, शनी होईल, तेल ओततील. शेवटी सासूबाईंनी तोड काढली. दगड काढला, बाभळीचे काटे लावले. आणि दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, सगळ्यांना झोक्यावरून उतरवून तिथे न्यायचं. बोलायला लागलेलं सगळ्यात लहान पोर म्हणणार, “आठे खनानं नही.” मग त्याला पहिली सांजोरी. तूही म्हटलंयस, पण तुझं सगळं लक्ष सांजोरीवर.

आता पोरं शहरात पांगली. ती जागा बोटाने दाखवणारी मी एकटीच उरले. माझं बरं चाललंय, गुडघे सोडले तर तक्रार नाही. तुझी लेक बोलायला लागली म्हणे. येत्या आखाजीला तिला घेऊन ये. जमलं तर त्याआधीच ये.