रेणूसाठी बेळगावात बघितलेली दोन स्थळं

सन दोन हजार चोवीस. माझं वय चौऱ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, मिशी मात्र गावात एक नंबर.

नात रेणू सात वर्षांची. टीव्हीतल्या जाहिराती आरशापुढं अशा म्हणते की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते. सुनेनं मोबाइलवर बघितलं, लहान पोरांना जाहिरातीत कामं मिळवून देणारी दोन ऑफिसं बेळगावात आहेत. म्हणाली, "मामा, फोटो पाठवूया."

"फोटो? परक्याच्या हाती पोरगी देताना आधी घर बघत्यात. मी जातो."

आमच्या सदलग्यातल्या निम्म्या सोयरिकी मीच जुळवल्यात. स्थळ पसंत पडलं तर तिथंच तोंड गोड करायचं, म्हणून खिशात साखरेची पुडी घेतली आणि रेणूला घेऊन निघालो.

निपाणीत गाडी बदलली. इथं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. कंडक्टरनं रेणूला शून्याचं तिकीट दिलं, माझे पैसे घेतले. ती रस्ताभर तिकीट नाचवत ओरडत होती, "आज्जा, मी फुकट!" संकेश्वर गेलं, तंबाखूची रानं मागं पडली, वंटमुरीचा घाट लागला. एका वळणावर पुडी फुटली आणि साखर खिशातनं सीटखाली.

शेजारची बाई म्हणाली, "आप्पा, साखर पेरत निघालाय व्हय?"

"पेरू दे आक्का, उगवला तर ऊसच उगवंल!"

अख्खी बस हसली.

साखर गेली म्हणून खडेबाजारात कुंदा (दूध आटवून केलेली बेळगावची तपकिरी मिठाई) घेतला. रेणूनं लगेच डब्यात बोट घातलं.

पहिलं ऑफिस काचेचं, भिंतभर नट्यांचे फोटो. चकचकीत बुटातला एक तरुण म्हणाला, "बेबीला आत पाठवा, तुम्ही खाली थांबा. आठवड्यात स्टार करतो."

"मी बी आत बसतो."

"पालक अलाउड नाहीत."

"मग पोरगी बी अलाउड न्हाय!" म्हणालो आणि रेणूला काखोटीला मारून जिना उतरलो.

दुसऱ्या ठिकाणी आधी खालच्या शिंप्याकडं चौकशी केली. तो म्हणाला, "वरच्या बाई? लई कडक. परीक्षा आल्या की एका बी पोराला कामाला धाडत न्हाईत."

वर गेलो. बाईंनी "बर्री, कुत्कोळ्ळी" (या, बसा) म्हणून माझ्यासाठी खुर्ची आतच ओढली. मी गाव विचारलं, माहेर विचारलं, भावकी विचारली. त्या हसून सगळं सांगत गेल्या. आधी कामं केलेल्या पोरांच्या दोन आयांना फोन लावून माझ्या कानाला दिला.

"अण्णा, काम मिळंलच असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "मिळालं तर शाळा बुडणार नाही, आणि घरचं माणूस सतत शेजारी पाहिजे."

स्थळ पसंत! मी डबा काढला. बाईंनी हात आडवा केला.

"थांबा. हिला विचारलंय काय?"

स्थळं बघत जन्म गेला, पण हा प्रश्न मला नवाच. मी रेणूकडं बघितलं. रेणूनं दिव्यांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"करीन. पण शेजारी आज्जा पाहिजे. आणि आज्जानं मिशी काढायची. मुका घेताना टोचती."

"मिशी? ह्या मिशीला बघून भांडणं मिटत्यात गावात!"

"मग मी न्हाय." हाताची घडी.

"दुसरं काय तरी माग की गं!"

"न्हाय."

कॅमेऱ्यामागचा फोटोवाला पोट धरून हसत खाली बसला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अण्णा, हट्ट कुणावर गेलाय ते कळलं. तिचं 'हो' आलं की फोन करा. कुंदा तोवर तुमच्याकडंच."

परतीच्या बसमध्ये रेणू डबा पोटाशी धरून माझ्या मांडीवर झोपली. इतक्या सोयरिकी जुळवल्या, हुंडा, मानपान, नाना अटी ऐकल्या. खुद्द पोरीची अट पहिल्यांदाच ऐकली, आणि ती बी माझ्याच नाकाखालची. खिडकीच्या काचेत मिशी दिसत होती. निपाणीपर्यंत तिच्याकडंच बघत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी यायच्या आधीच त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. मिशी काढायची म्हटल्यावर तो दचकलाच.

"आप्पा, कोण गेलं?"

"कोण न्हाय रं गेलं. सोयरीक जुळली. आधी हा कुंदा खा, मग लाव वस्तरा."