न हलणारा पाऊस

कुवेतमध्ये बसून फिलिपिन्समधल्या ज्वालामुखीवरचा पाऊस बघायचा, ही कल्पना ज्याची, त्याचा सत्कार करावा की त्याला दुपारी उन्हात उभं करावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. अर्दियातल्या गोदामांच्या रांगेत आमचं ऑफिस. खिडकीबाहेर धूळ आणि पडद्यावर तिकडच्या रडारचं चित्र. डोंगरउतारावर जुनी राख साचलेली; तिच्यावर जोराचा पाऊस झाला की चिखल-दगडांचा लोंढा खालच्या गावांवर येतो. पाऊस दिसला की इशारा पाठवायचा, एवढंच माझं काम. तेवढंही झेपलं नाही.

आधीची सगळी वर्षं इथल्या रडारवर गेलेली. इथे जो ठिपका जागचा हलत नाही तो टॉवर नाहीतर पाण्याची टाकी, तो पुसायचा. तोच नियम मी त्या डोंगराला लावला. तासभर एका जागी दिसलं की आपोआप पुसलं जाणार. चित्र कसं लख्ख झालं. मॅनेजरने पाठ थोपटली. त्याला रडारमधलं काही कळत नव्हतं, आणि मी त्याच्याहून हुशार असल्याच्या भ्रमात होतो.

आमच्या रिसेप्शनवरची बाई त्याच मुलखातली. तिची आई त्या डोंगराखाली, नदीकाठी राहते. एका सकाळी ती फोन घेऊन आत आली.

"सर, आई म्हणते दोन तास कोसळतोय."

"पडद्यावर काही नाही," मी मानही वळवली नाही. "म्हाताऱ्या माणसांना चार थेंबही फार वाटतात."

तिने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे पत्रा तडतडत होता.

"सर, तुमच्या गावाला पाऊस पडतो?"

"कोकणातला आहे मी."

"मग डोंगरावर बसून राहिलेला ढग कधी बघितला नाहीत?"

बघितला होता की. आमच्या घाटाला टेकलेला ढग चार-चार दिवस हलत नाही, हे आमच्याकडच्या म्हशींनाही माहीत. मी तो पुसण्याचा नियम काढून टाकला. पडद्यावर अख्खा उतार लालभडक, म्हणजे मुसळधार.

तोवर तिने तिच्या भाषेत आईला वरच्या शाळेत पिटाळलं होतं. म्हातारी पोचली. मागोमाग लोंढ्याने तिचं स्वयंपाकघर नेलं. माझा इशारा त्यानंतर गेला.

मॅनेजरने अहवाल मागितला. मी लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब.' प्रिंट काढून देताना बाईंनी तो वाचला.

"सर, अडचणीचं नाव राहिलं," म्हणाल्या, आणि पेन पुढे केलं.