पँजियाच्या आधीचं कोणी विचारत नाही

औरंगपुऱ्यातल्या आमच्या स्पर्धा परीक्षा क्लासमध्ये पृथ्वीची सुरुवात पँजियापासून होते. एकच अवाढव्य खंड होता, तो फुटला, तुकडे इकडेतिकडे गेले, एक मार्क मिळाला. मी भूगोल शिकवतो. माझ्या नावानं क्लासनं काढलेल्या पुस्तकात हे वाक्य ठळक छापलंय : ‘पँजिया हा पृथ्वीवरचा पहिला महाखंड.’ सुटसुटीत आहे, एका दमात पाठ होतं, आणि धडधडीत खोटं आहे.

खोटं आहे हे मला लिहितानाही माहीत होतं. एम.एस्सी.ला असताना याच विषयानं मला वेड लावलं होतं. पँजिया काही आभाळातून पडला नव्हता. त्याच्या आधी तुकडेच होते, तुकड्यांच्या मध्ये महासागर होते, आणि ते महासागर मिटत गेले. समुद्राचा तळ खंडाच्या कडेखाली वाकून पृथ्वीच्या पोटात शिरत राहिला आणि नखं वाढावीत तितक्या संथपणे दोन किनारे जवळ आले. मधल्या पाण्याची खाडी झाली, खाडीचा गाळ झाला, आणि टक्कर झाल्यावर त्या गाळाच्या घड्या पडून डोंगर उभे राहिले. आणि हे एकदाच घडलेलं नाही. पँजियाच्या आधी रोडिनिया नावाचा महाखंड जुळला आणि फुटला, त्याच्याही आधी आणखी एक. आपला पूर्व घाट अशाच एका जुन्या जोडाची झिजून उरलेली शिवण आहे. तिच्या पलीकडे तेव्हा अंटार्क्टिका होता. हे सगळं डोक्यात असणारा माणूस फळ्यावर ‘पहिला महाखंड’ लिहून खाली दोन रेघा मारायचा. पोरं त्याला सर म्हणायची.

वैजापूरकडची एक मुलगी बॅचला होती. घरची माणसं अजून मेंढरं घेऊन फिरणारी. वय तिशीला टेकलेलं, परीक्षेच्या संधी संपत आलेल्या. तिनं एकदा हात वर केला. “सर, एकच खंड व्हता तर तो जुळला कसा? जुळायच्या आधी तुकडे असतीलच की.”

“त्याच्या आधीचं विचारत नाहीत,” मी म्हणालो. वर्ग हसला. मीही हसलो.

त्या वर्षी परीक्षेत त्याच्या आधीचंच विचारलं. पँजिया हा पहिला महाखंड होता, बरोबर की चूक? उत्तरतालिकेत ‘चूक’ आलं आणि आमच्या क्लासचा जिना पोरांनी भरून गेला. त्या सगळ्यांनी ‘बरोबर’ लिहिलं होतं, माझं पुस्तक वाचून. आमचे संचालक आधी शहागंजात रेडिमेड कपडे विकायचे; गिऱ्हाईक परत जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा एकमेव अभ्यासक्रम. त्यांनी ठरवलं की आयोगाकडे हरकत घ्यायची, प्रश्नच रद्द करून घ्यायचा. हरकतीला छापील पुरावा लागतो. तो म्हणजे माझंच पुस्तक, वर लेखकाची सही. मी म्हणतो म्हणून ते खरं, आणि खरं आहे याला साक्षीदार पुन्हा मीच. “सर, टेन्शन नै लेने का,” संचालक म्हणाले आणि चहा मागवला. मी झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर सह्या करत बसलो. हात एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. तिनं ‘चूक’ लिहिलं होतं. मी हसल्यावर लायब्ररीत जाऊन स्वतः वाचलं होतं. तिचे मार्क अगदी काठावर होते. प्रश्न रद्द झाला तर तिचा तो मार्क जाणार आणि ती बाहेर पडणार, हे तिनं मला हिशेब न मांडता सांगितलं.

“एक ओळ लिहून द्या सर, पुस्तकात चुकलंय म्हणून. मी पाठवते.”

मी तिला संचालकांची अडचण सांगितली. बाकीच्या पोरांचेही कष्ट आहेत हे सांगितलं. मग बघतो म्हणालो. सभ्य माणसाला नाही म्हणायचं असतं तेव्हा तो बघतो म्हणतो.

तिनं विचारलं, “तुम्हाला आधीपासून ठावं व्हतं?”

“हो.”

“मग मी विचारलं तवा हसले कशाला?”

मी टेबलावरची पुस्तकं सारखी करू लागलो. ती निघून गेली. ओळ मी लिहिली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

हरकत फेटाळली गेली. माझ्या पुस्तकाला आयोगातल्या कुणीतरी बहुधा दोन मिनिटंही दिली नसतील. तिचा मार्क राहिला, ती निवडली गेली, आणि आठवड्याच्या आत क्लासच्या दारावर तिचा हसरा फोटो झळकला. खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव.

तिचा फोन आला. “फोटो राहू द्या. आईला बघायचाय. तुमचं नाव तेवढं काढा.”

संचालकांना सांगितलं तर ते खरोखर गोंधळले. तिला कोण ओळखतं सर, म्हणाले, ॲडमिशन तर तुमच्या नावावर येतात. मग मी पांढरा कागद आणि डिंक घेऊन भर दुपारी स्टुलावर चढलो. जिन्यातल्या पोरांना वाटलं, सर नाव मोठं करून घेतायत. एकानं आदरानं स्टूल धरलं.

मी वरूनच त्याला सांगितलं की पुस्तकातलं पँजियाचं ते वाक्य चूक आहे, मीच लिहिलंय, आणि लिहितानाही मला ते ठाऊक होतं.

त्यानं मान डोलावली. स्टूल सोडलं नाही. “बरं सर. पण रविवारच्या टेस्टला काय लिहायचं?”