दोन माळ्याच्या घरचं बिनफुलाचं लगन

शकुन माही लहान बहीण. सख्खी, पाठची. अकोल्यात मोर्णेच्या काठी तिचा फुलाचा मळा होता, आन मी आताच सांगून ठेवतो, तिच्यासारख्या मुंडावळ्या उभ्या वऱ्हाडात कोणी गुंफल्या नाही. अमरावतीत नाही, मूर्तिजापुरात नाही. कोणाले खोटं वाटत असन त त्यानं अकोल्याच्या जुन्या बायायले इचारून यावं. आमच्या घराण्याचा हात हाये तो, दुसरं काय!

तिची एकुलती एक लेक बेबी. तिचं लगन ठरलं अमरावतीच्या नत्थुजीच्या खुशालसंग. नत्थुजीही माळीच, त्याचाही मोगऱ्याचा मोठा मळा. लोक मनत, "या लग्नात पाय ठेवाले जागा नसन, इतके फुलं होतीन."

पण या दोन्ही घरायत एक रीत होती. घरच्या लग्नाले घरच्या मळ्याचं फूल तोडायचं नाही. ते दुसऱ्याच्या हातूनच यावं लागे; इवायानं, मंजे सोयऱ्यानं, आणलं तरी चाले. आमची माय मने, "सारं साल आपण लोकायले फुलं देतो. लेकराच्या लग्नाले तरी कोणाच्या दारी जावं. मंग माणूस ताठत नाही." शकुन ताठच होती. बापाचीच पोरगी ते. मरून जाईन, पण कोणाले चिमूटभर मीठ मागणार नाही.

मांडव कसा पाहिजे हे तिनं होळीपासून मनात धरून ठेवलं होतं. दारात केळीचे खांब, वरतं जांभळाचे डहाळे, चहूकडून आंब्याचं तोरण, मधात मोगऱ्याचा झुंबर, आन बोहल्याच्या मागं मोगऱ्याचा आख्खा पडदा.

तिचा नवरा भगवंत गरीब माणूस. तो मनला, "पडदा कायले पाहिजे वं?"

"मागं तुमची गोवऱ्याची रचलेली उडवी दिसते ना, ते झाकाले!"

इतकं सारं ठरवलं, पण फुलं कोण आणन हे ते नत्थुजीले बोललीच नाही. इवाई आणतीनच, असं तिनं धरलं. फुलवाल्याले फुलं आणा मनून सांगणं मंजे हलवायाले साखर आण मनून सांगणं. अपमान होईन ना त्याचा! आन तिकडं अमरावतीत नत्थुजी हेच मनात धरून बसला होता.

त्यात पुढं सिंहस्थ लागणार. मंग सालभर लगनं बंद. मनून त्या वैशाखात जथी पहा तथी मांडव. बेबीच्या दिवशीच, त्याच गोरज मुहूर्तावर, किल्ल्याजवळच्या बापूसाहेब वकिलाच्या कुंदाचं लगन होतं. शकुननं आपला सारा मोगरा तथी देऊन टाकला. सकाळी सोता जाऊन झुंबर बांधून आली, पडदा सोडून आली. आपल्या मनातला मांडव तिनं पहिले दुसऱ्याच्या दारी पाहिला.

दुपारच्या गाडीनं वऱ्हाड आलं. वऱ्हाड उतरलं तथी, जानोशाले, शकुन पाणी घेऊन गेली. हात गडव्यावर, पण डोळे टोपल्या शोधून राहिले.

"इवाई, टोपल्या टेशनावर राहिल्या काय?"

"कोणच्या टोपल्या?" नत्थुजी मनला.

"फुलाच्या."

"फुलं त तुमच्याकडं ना, इहीनबाई?"

"माह्या मळ्यात आज कळी नाही. वकिलाच्या घरी गेली सारी."

"आन माही सारी अमरावतीच्या शेठाच्या मांडवात गेली!"

वऱ्हाडातला एक म्हातारा खोकत खोकत मनला, "वा गा! दोन फुलवाल्यायचं लगन, आन नवरीले वास घ्याले गवत!"

नत्थुजी पोट धरून हासला. मंग त्यानं शकुनचं तोंड पाहिलं, आन हासू गिळलं.

भगवंत साऱ्या मळ्यायत पळत जाऊन आला. जाई नाही, मोगरा नाही, कण्हेरही लोकायनं ओरबाडून नेली होती. "आता वकिलाकडंच आहे," तो भीत भीत मनला.

"देलेलं फूल परत मागू? मी?"

हळदीच्या अंगानं बेबी उठून आली. "राहू दे ना मा. मी आंब्याच्या पानाच्या मुंडावळ्या बांधतो. कोणी काही मनणार नाही."

पोट्टी हासून बोलली, तेच शकुनच्या काळजात रुतलं. साऱ्या अकोल्याच्या नवऱ्या तिनं सजवल्या, आन तिच्या पोटच्या पोरीनं पानं बांधावे? तिनं रिकामी टोपली उचलली, पदर खोचला आन निंघाली.

वकिलाच्या दारापाशी तिचे पाय अडले. मांडवात तिचाच मोगरा उमलाले लागला होता. गोदावरीबाई, वकिलाची बायको, लगबगीनं बाहेर आली.

"काय हो शकुनबाई, आत या ना. फुलं किती छान दिसतात पाहिलंत?"

शकुननं रिकामी टोपली पायरीवर ठेवली. मंग एकदम मनली, "बाई, माह्या पोरीचं आजच लगन हाये. आन तिच्या डोक्याले फूल नाही."

सारं सांगतलं. इवाई, रीत, रिकाम्या टोपल्या, सारं. बापूसाहेबानं चष्मा कपाळावर चढवला. "माळ्याच्या घरी फूल नाही? ही गोष्ट कोणत्याही कोर्टात टिकणार नाही."

"तुमच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी आहे," गोदावरीबाई मनली. "शिडी धरा."

आन ते बाई, शालू नेसलेली, सोता शिडीवर चढली! अर्धा पडदा सोडला. आतून कुंदा वरडली, "आई, झुंबर पण दे! जेवायला बसलेलं माणूस वर कुठं बघतंय?"

"बाई, मी तुमचं कसं फेडू?" शकुनले इतकंच बोलता आलं.

"ते मग. आधी पळा. गोरज एकच आहे, दोघींना."

टोपली डोक्यावर घेऊन शकुन धावतच आली. भगवंत फुलं पाहून घाबरला. "अवं, हे त आपल्याच मळ्याचं! रीत मोडते ना."

"आपलं कायचं? हे गोदावरीबाईच्या घरचं हाये. मागून आणलं मी."

मंग काय सांगू! नत्थुजीनं बाह्या सारल्या. वऱ्हाडातले पटकेवाले माणसं सुईदोरा घेऊन नवरीच्या मांडवात गुंफाले बसले. वरपक्ष नवरीकडचं काम करून राहिला, असं लगन पाहिलं काय कोणी? मी पाहिलं. मुंडावळ्यायले मात्र शकुननं कोणाले हात लावू देला नाही. पडदा अर्धाच झाला, आन उरल्या अर्ध्यातून गोवऱ्याची उडवी साऱ्यायले दिसली. शकुनले त्याचं काहीच वाटलं नाही. अक्षता पडल्या तवा ते बेबीच्या कपाळावरच्या कळ्या पाहत होती, आन ओठातल्या ओठात त्या शिडीवरच्या बाईचं नाव घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बेबी गेली. शकुन रडली नाही. बाया कुजबुजल्या, दगडाची हाये मनून. गाडी दिसेनाशी झाली तशी ते मळ्यात गेली. ताज्या कळ्या तोडल्या आन किल्ल्याकडं निंघाली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत गेली.

कुंदाची बैलाची धमणी नुकतीच वळणाआड गेली होती. गोदावरीबाई पायरीवर एकटीच बसली होती.

"गेली हो," ते मनली.

"माहीही गेली, बाई."

घोकलेलं सारं शकुन इसरली. टोपली मधात ठेवून तिच्या बाजूले पायरीवर बसली, आन तथी, दुसऱ्याच्या दारात, माही ताठ बहीण हमसून हमसून रडली. गोदावरीबाईनं तिचा हात धरून ठेवला. गडी मांडव सोडाले आला, त बाई त्याले मनली, "थांब रे जरा. आम्ही बसलोय ना."