दारात अडकलेला पदर

पदराला ग्रीसचा वास आला आणि मला द्वारका सिग्नलवरची ती वीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. गाडीच्या काचेपाशी येऊन एक माणूस ओरडला, "ताई, पदर दारात अडकलाय!" मी घाईने दार उघडलं. पदर तर मांडीवरच होता. तेवढ्यात त्याच्या जोडीदाराने पलीकडचं दार उघडून पर्स पळवली. आत आईची नथ होती. त्याचं ते मायाळू 'ताई' आठवलं की अजून शिसारी येते. तेव्हापासून मी दारं लॉक करूनच गाडी चालवते.

मघाशी स्कूटीवरची एक मुलगी काच ठोकत होती, "काकू, पदर!"

"चल नीघ, चोरटी मेली!" म्हणत मी गाडी दामटली.

आता तो खरंच दारात अडकून फाटलेला, काळा पदर घासत बसलेय. किळस येतेय, पण या वेळी त्या माणसाची नाही.