मेजर दहापर्यंत मोजतात

ताडपत्री विकणाऱ्या माणसाला सगळं गाव 'मेजर' म्हणतं, याची नव्या माणसाला थट्टाच वाटायची. पण मेजर खरोखरच मेजर होते. वडिलांचं दोरखंड-ताडपत्रीचं दुकान सांभाळता सांभाळता ते तरुणपणीच राखीव फौजेत शिरले. वर्षातले सहा आठवडे छावणी, बाकीचे दिवस दुकान. छावणीतून परतले की दुसऱ्या सकाळी पुन्हा ताडपत्रीच्या कडेला पितळी कड्या ठोकायला बसलेले. गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं, तर एवढंच म्हणायचे, "विश्राम." गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्यानं माल उचलायचं.

ते गावाच्या गळ्यात पडले की गाव त्यांच्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. एकवीस वर्षांपूर्वी नदी चढली, खालची वस्ती पाण्यात गेली. नगरपालिकेचे कारकून गोदामाची किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी करत होते. मेजरांनी स्वतःच्या दुकानातला सगळा माल रस्त्यावर काढला, गळ्यातली शिट्टी फुंकली, आणि अर्ध्या दिवसात चारशे माणसं शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली कोरडी करून बसवली. महिन्याभरात नागरिक समिती निघाली. अध्यक्ष कोण, हे विचारायची गरजच पडली नाही.

समितीत माणसं बारा आणि मतं चोवीस. गटारावर फरशी कुणी बसवायची, यावर पहिल्या तीन बैठका वाहून गेल्या. चौथ्या बैठकीत मेजरांनी फौजी तोडगा काढला. ठराव वाचायचा, अध्यक्षांनी मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं, तेवढ्यात कुणी 'हरकत' म्हटलं नाही तर ठराव मंजूर. हा प्रकार लोकांना भलताच आवडला. रस्ते, दिवे, दवाखाना, सगळं या मोजणीवर पार पडलं. मेजरांचा आवाज खणखणीत, दोन आकड्यांमधलं अंतर घड्याळ लावून घ्यावं असं. खोटं कशाला बोला, मोजताना त्यांना मजाही यायची.

ती मजा कधी सरली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दुकान घरापासून दहा मिनिटांवर, पण पोचायला तास लागायचा. नळाची तक्रार, दिव्याची तक्रार, दोन भावांच्या भिंतीचं भांडण, सगळं वाटेत हात धरून उभं. घरची पुढची खोली तर कचेरीच झाली होती. बायको ताट वाढायची, दार वाजायचं, ती ताट झाकून ठेवायची. गाव तिला मेजरीणबाई म्हणायचं. तिला ते नाव मुळीच आवडत नव्हतं, पण तिला कोण विचारतो?

लेक आठ तासांवरच्या शहरात राहत होती. तिनं आईबाबांसाठी एक खोली मोकळी ठेवली होती, खिडकीशी दोन खुर्च्याही मांडल्या होत्या. दरवर्षी मेजर म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. यंदा बायकोनं ऐकून घेतलं नाही.

"लग्न माझ्याशी केलंत आणि संसार गावाशी," ती म्हणाली. "आता मी निघाले. तुम्ही आलात तर दोघं, नाहीतर एकटी."

मेजर हादरले, आणि खरं सांगायचं तर सुखावलेही. कुणीतरी कोंडलेल्या खोलीचं दार किलकिलं केल्यासारखं त्यांना झालं. फौजेतून वयानं सुटका झालीच होती. दुकान पुतण्याच्या हवाली केलं. राहिली समिती. "रविवारी अकराला बैठक आहे," ते म्हणाले. "राजीनामा देतो आणि चारची गाडी पकडू."

रविवारी राजीनामा शर्टाच्या खिशात घालून ते वेळेआधीच जाऊन बसले. पण ते उठायच्या आत समितीचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर, उभे राहिले. हातात कागद होता.

"ठराव," हेडमास्तर म्हणाले. "मेजरांनी आणखी पाच वर्षं अध्यक्षपदी राहावं. मेजर, मोजा."

सगळे गालात हसत होते. एक शब्द पुरे होता. हरकत घ्यायचा हक्क अध्यक्षालाही होता. नियम त्यांनीच तर लिहिला होता. तो शब्द उच्चारायला त्यांनी तोंड उघडलं.

"एक," ते म्हणाले.

एकवीस वर्षांची सवय ती. एकामागून दोन आलं, दोनामागून तीन. चाराला समोरचा वायरमन दिसला. पुरात त्याला खांद्यावर घेऊन ते छातीभर पाण्यातून चालले होते, आता त्याचे केस पांढरे झाले होते. सहाला घरातल्या दोन बॅगा आठवल्या. सातला हात खिशाकडे गेला, कागद बोटांना लागला. आठला हेडमास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मेजरांचा हात तिथंच राहिला. नऊ त्यांनी इतकं लांबवलं, की मेजर गंमत करताहेत असं वाटून लोक खो खो हसले. त्या हसण्यातच दहा झालं.

घरी पोचायला दीड वाजला. बायको बाहेरच्या खोलीत बॅगांजवळ बसली होती, साडी बदलून, पायांत चपला घालून.

"झालं?" तिनं विचारलं.

"अगं, त्याचं असं झालं..."

तिनं सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही. त्यांची बॅग उघडून शर्ट बाहेर काढले, एकेक करून हँगरला लावले. मग गोळ्यांच्या पट्ट्या फळीवर ठेवल्या. "पांढरी सकाळी, पिवळी झोपताना," ती म्हणाली. "उपाशीपोटी घेऊ नका."

स्टँडवर तिची बॅग मेजरांनीच उचलून नेली. वाटेत तिघांनी अडवलं. ती थांबली नाही, पुढं चालत राहिली. गाडीत खिडकीची जागा मिळाली. मेजर खाली उभे राहून काच धरून होते.

"महिनाभरात येतो," ते म्हणाले.

तिनं पदर सारखा केला.

"माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला कुणाला नाही म्हणता येत नाही गं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "येतं की," ती म्हणाली. "इतकी वर्षं मलाच म्हणत आलात."

गाडी हलली तेव्हा मेजरांचा हात काचेवरून आपोआप सुटला. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग स्टँडचा कंट्रोलर लगबगीनं त्यांच्यापाशी आला. "बरे भेटलात मेजर, ते आपल्या शेडच्या पत्र्यांचं काय झालं?"

"बघतो," मेजर म्हणाले.